टॅप सराव: बोजँगल्सच्या पायऱ्यांपाशी

टॅप म्हणजे बुटांच्या तळांनी ताल वाजवत करायचा नाच. त्यातली टाइम स्टेप ही पायाभूत चाल आता पायात बसली. सहा बार (तालाची छोटी आवर्तनं) तीच चाल, मग दोन बारांचा ब्रेक, म्हणजे चाल मोडणारा तुकडा, आणि तिथून नव्या चक्रात शिरताना वजन बरोबर हव्या त्या पायावर असतं. म्हणून अमेरिकन टॅप नर्तक बिल 'बोजँगल्स' रॉबिन्सनचा जिन्यावरचा नाच हाती घेतलाय. १९३२च्या 'हार्लेम इज हेवन' या चित्रपटात तो चित्रित झालाय. टॅप करणाऱ्या प्रत्येकाने तो आधी डोळे मिटून ऐकावा.

सुताराकडून आतून पोकळ अशा पायऱ्या करून घेतल्या. प्लायची जाडी मुद्दाम वेगवेगळी ठेवली, कारण रॉबिन्सनच्या जिन्यावर प्रत्येक पायरीचा सूर निराळा लागतो. त्याच्या बुटांचे तळ लाकडी होते. माझ्या धातूच्या पट्ट्यांचा आवाज जास्त टोकदार येतो, तरी वर चढताना सूर बदलत जातो तेव्हा अंगावर काटा येतो.

त्याच्या चाली साध्याच आहेत. कठीण आहे ती सफाई. त्याच्या आधीचे बरेच नर्तक तळपाय सपाट टाकत. त्याने टॅप चवड्यांवर आणला, अंग ताठ आणि हलकं ठेवलं. पुढच्या पायरीच्या कडेवर चवडा वाजवताना त्या पायावर जराही भार नको, सगळा मागच्या पायावर. हे मंद लयीत जमू लागलंय. उतरणं मात्र अवघड आहे. अंग आपोआप खाली ओढलं जातं आणि ठोका लयीच्या आधी पडतो. पोटऱ्या भरून येतात ते वेगळंच.

याआधी जॉन बबल्स या दुसऱ्या टॅप नर्तकाचा ढंग घोटत होते. तो लय निम्मी करून टाचा खाली आणतो आणि मोकळ्या झालेल्या जागेत बोल भरतो. तिथली टाचांची सवय इथे आड येते, म्हणून दोन्हींचा सराव आता वेगवेगळ्या दिवशी करते.

'ब्लॅकबर्ड्स ऑफ १९२८' हा कृष्णवर्णीय कलाकारांचा रिव्ह्यू, म्हणजे नाच-गाणी-प्रहसनांचा कार्यक्रम, त्या वर्षी मे महिन्यात ब्रॉडवेवर, न्यूयॉर्कच्या मुख्य रंगभूमीवर, आला. त्यात नाचणाऱ्या रॉबिन्सनने त्याच महिन्यात पन्नाशी गाठली. व्हॉडव्हिलमध्ये, म्हणजे सुट्या करमणुकीच्या तुकड्यांच्या रंगमंचावर, उमर घालवलेल्या माणसाचा ब्रॉडवेवर डंका वाजला तो तेव्हा, हे मला आजही बोचतं.

त्याच रिव्ह्यूत नर्तक अर्ल 'स्नेकहिप्स' टकर होता. जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या १९३५च्या 'सिम्फनी इन ब्लॅक' या लघुपटात तो दिसतो. पाय सरकतात थोडेच, सगळा नाच सैल गुडघे आणि कमरेतून येतो. अशा चमत्कारिक हालचालींचा एक्सेंट्रिक नाच म्हणजे नुसते विनोदी अंगविक्षेप, असं मानणाऱ्यांनी टकरचा ताबा बघावा. एकही हालचाल निसटलेली नाही.

टकरला मी इतक्यात हात घालणार नाही. आधी उतरणं, तेही स्टॉप-टाइमवर. वाद्यवृंद फक्त बारच्या पहिल्या मात्रेला वाजतो आणि मधली जागा नर्तकाची, त्यामुळे घाई लगेच उघडी पडते. कुणाकडे मंद लयीचं स्टॉप-टाइम ध्वनिमुद्रण असेल तर जरूर कळवा.