निसर्ग वादळानंतर घर पुन्हा बांधताना

३ जून २०२०. श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यावर निसर्ग वादळ आलं तेव्हा आम्ही सगळे माजघरात बसून होतो. वारा ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरचा. आधी समुद्राकडच्या दाराची कडी तुटली, आणि दोन मिनिटांत छपराचं पूर्वेकडचं पाख वासे-रिपांसकट वर उचललं गेलं. वारा तर पश्चिमेचा होता. समोरचं पाख राहिलं आणि मागचं गेलं, हे कोडं मला कित्येक दिवस सुटेना.

माझा मामेभाऊ इंजिनीयर आहे, त्याने ते सोडवलं. आढ्यावरून पलीकडे जाणारा वारा मागच्या पाखाला वर खेचतो. त्यात दार तुटलं, की आत शिरलेला वारा खालूनही रेटतो. आमचे वासे भिंतीवर एकेका खिळ्याने धरलेले होते. इतकी वर्षं छप्पर कौलांच्या वजनावरच बसून होतं.

पंचनामा, मदत, नकाशा, परवानगी यात पावसाळा सरला. आमचं घर रस्त्याकडेला, भरतीरेषेपासून २०० मीटरच्या पलीकडे, म्हणून आराखडा बदलता आला. किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांमुळे त्या दोनशे मीटरांच्या आत जुनं घर असलेल्यांना तेव्हा दुरुस्तीसुद्धा आहे त्या जोत्याच्या हद्दीतच करावी लागायची.

मामेभावाचा हट्ट एकच: छपरापासून पायापर्यंत सगळं एकमेकांना बांधलेलं हवं. चिऱ्याच्या भिंतींना जोत्यावर, चौकटींच्या वर आणि छपराखाली असे सळ्यांचे तीन काँक्रीटचे पट्टे घेतले. सगळ्यात वरच्या पट्ट्यातून प्रत्येक वाशाच्या जागी बोल्ट वर काढले आणि वाशावरून जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी घेऊन आवळली.

सुतारकाकांना हे पटेना. "तुझ्या आजोबांनी खिळ्यांवर घर उभं केलंन, ते काय कमी टिकलं?" मी त्यांना वाडीत पडलेला एक वासा दाखवला. टोकाला खिळ्याचं भोक जसंच्या तसं, लाकूड कुठे चिरलेलंसुद्धा नाही. खिळा सरळ उपसून निघाला होता. काका त्या भोकावरून अंगठा फिरवत उभे राहिले. मग म्हणाले, "आण पट्ट्या."

छप्पर दोनपाखीऐवजी चौपाखी केलं, साधारण तीस अंशांच्या उताराचं. पूर्वीच्या त्रिकोणी भिंती वारा थेट अंगावर घ्यायच्या, त्या गेल्या. पडवीचं छप्पर मुद्दाम वेगळं ठेवलं. ती उडाली तरी घराचं छप्पर सोबत नेणार नाही. कडेच्या आणि आढ्याच्या ओळीतलं एकूण एक कौल तारेने बांधलं. खिडक्यांना जाड फळ्यांची दारं आणि आतून लोखंडी अडसर.

खाऱ्या हवेसाठी सळईवर ५० मिलिमीटर काँक्रीट हवंच, असं मामेभावाने बजावलं होतं, म्हणून ओतायच्या आधी मी स्वतः पट्टी लावून मोजायचो. एका ट्रकमधली वाळू चिमूटभर जिभेवर ठेवली, तर चक्क खारट. खाडीची होती. ट्रक परत पाठवला. दोन दिवस काम बंद राहिलं, पण त्या वाळूने दहा-पंधरा वर्षांत सळई गंजवून काँक्रीट फोडलं असतं.

सगळ्यात अवघड ठरलं जोतं. उधाणाचं पाणी हल्ली वाडीत पूर्वीपेक्षा आत येतं आणि समुद्राची पातळी वाढतेच आहे. म्हणून दीड फुटाचं जोतं चार फूट केलं. मीटर, बटणं, पंपाचा स्टार्टर त्याहून वर. आई अठ्ठ्याहत्तरची, गुडघे दुखतात. नव्या पायऱ्या पाहून ती म्हणाली, "म्हणजे मी आता तुळशीला पाणी घालायला खाली उतरायचंच नाही का?" मला फार लागलं ते. शेवटी बाजूने लांबलचक उतार बांधला आणि कठडा लावला. खर्च वाढला, पण ती आजही रोज त्या उतारावरून खाली जाते.

मे २०२१मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेलं. खिडक्यांना दारं बसायची होती, तिथे फळ्या ठोकल्या होत्या. रात्रभर मी विजेरी घेऊन वाशांकडे बघत बसलो. सकाळी ओटीवर पाणी होतं, पडवीची सात कौलं फुटली होती, मुख्य छपराचं एकही हललं नव्हतं.

मागे वाडीत रोठ्याची नवी रोपं लावलीत, सुपारी धरायला अजून वर्षं लागतील. दर मे महिन्यात मी पाना घेऊन माळ्यावर चढतो, प्रत्येक नट आवळून बघतो. यंदा समुद्राकडचे चार गंजलेले निघाले, ते बदलले.