काप वाकडा गेला

"उजव्या हाताचा ना तू?" अण्णांनी बाभळीच्या ओंडक्याकडे बघत विचारलं, माझ्याकडे बघितलंच नाही.

आज मखमलाबादच्या मळ्यात चेनसॉची, म्हणजे लाकूड कापायच्या मशीनची, चेन धार लावायला पहिल्यांदा स्वतः घासली. आमच्या चेनला 4 मिमीची गोल कानस लागते, दातावरची 30 अंशाची खूण धरून फक्त पुढं ढकलायची, परत आणताना उचलायची, एक सोडून एक दात आणि मग दुसऱ्या बाजूचे. तासभर मान मोडून बसलो. मशीन चालू केल्यावर पिठासारखा भुसा बंद होऊन मस्त ढलप्या उडायला लागल्या, म्हटलं जमलं की राव!

पण काप खाली जाता जाता चंद्रकोरीसारखा वळला.

अण्णांनी नखाने एकेक दात चाचपला. "जिकडं हात बसतो तिकडं दाबून घासलंस, दुसरीकडं नुसतं कुरवाळलंस. दात लहानमोठे झाले की मशीन ओढणारच एका अंगाला."

दोन्हीकडं तीन-तीनच घासे मारले होते हो, मोजून! घरी दोन्ही पोरांना सारखाच वेळ देतो असंही मी मोजूनच सांगतो, ते उगाच आठवलं.

कुणी डावखुरं आहे का इथं? तुमचा काप कुठल्या बाजूला जातो?