म्हणे

रविवार, रात्री उशिरा

पाय ठणकतायत, कोपर खरचटलंय, आणि हे सगळं एका गुहेसाठी, जी आहे की नाही हेच धड कुणाला माहीत नाही.

टेकडीमागच्या रानात गुहा आहे हे मी शाळेत असल्यापासून ऐकतेय. आजी सांगायची एक शेळी आत शिरली ती तीन दिवसांनी नदीपलीकडे निघाली, मामाच्या मते शेळी नाही कुत्रा होता, आणि शेजारचे काका तर छातीठोक सांगतात की घोड्यावर बसलेला माणूस आरामात जाईल एवढं भुयार आहे. पण स्वतः बघितलेला एकही नाही हां. आजीच्या मैत्रिणीच्या दिराने बघितलेली म्हणे. मामाच्या वर्गातल्या कुणाच्या तरी भावाने. प्रत्येक गोष्टीत तो 'म्हणे' असतोच, तो काढला की अख्खी गोष्ट धपकन खाली.

मागे वाचलेलं, स्कॉटलंडमध्ये पण अशीच गोष्ट सांगतात. तिकडे बॅगपाइप वाजवणारा माणूस कुत्रा घेऊन गुहेत जातो, वर जमिनीवर लोक आवाजाच्या मागे मागे चालतात, मधेच आवाज बंद, माणूस गायब, आणि कुत्रा भलतीकडूनच बाहेर येतो तो अंगावर एक केस न राहिलेला. शेळीचं तरी बरं म्हणायचं.

पण एक बाई आहेत, रानात लाकडं आणायला जायच्या, त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "गुहाबिहा मला ठाऊक नाही बाई, पण भर उन्हाळ्यात त्या कड्याखाली बसलं की पायाला गार लागतं." बास, एवढंच. ना खजिना ना भुयार. आणि मला तेच खरं वाटलं, कारण गुहेच्या आतलं तापमान वर्षभर जवळपास सारखंच राहतं, साधारण त्या जागेच्या वार्षिक सरासरीएवढं, मग बाहेर रणरणतं ऊन असलं की आतली गार जड हवा खालच्या तोंडातून बाहेर वाहायला लागते. थंडीत उलटं, आतली ऊबदार हवा वरच्या फटीतून निघते.

व्हिएतनामच्या सोन डूंग गुहेचं पण तसंच झालेलं. हो खान्ह नावाचा माणूस 1990 च्या आसपास जंगलात फिरत असताना एका तोंडापाशी पोचला, आतून वारा आणि नदीचा आवाज येत होता, तो घाबरून निघून आला आणि नंतर त्याला ती जागा सापडेचना! 2008 मध्ये परत सापडली, 2009 मध्ये तो ब्रिटिश टीमला घेऊन गेला आणि निघाली काय तर जगातली सगळ्यात मोठी गुहा, काही ठिकाणी 200 मीटर उंच. मधली इतकी वर्षं त्याच्याकडे पण एक ऐकीव गोष्टच होती, फक्त ती त्याने स्वतःलाच सांगितलेली.

तर आज मी आणि दादा दुपारी मुद्दाम उन्हात गेलो. दोन तास काट्यातून हिंडलो, एक कपार सापडली ती जेमतेम चार हात खोल, दादा लगेच "ही बघ तुझी गुहा, चल घरी". मग कड्याच्या पार तळाशी, झुडपांमागे, दोन दगडांमध्ये एक फट दिसली, हाताच्या पंजाएवढी. टिशूची पट्टी फाडून समोर धरली तर ती बाहेरच्या बाजूला फडफडायला लागली. हात घातला तर गार! फ्रिज उघडल्यासारखं. आम्ही दोघं काही बोललोच नाही थोडा वेळ.

फ्रान्समधली शोव्हे गुहा 18 डिसेंबर 1994 ला अशीच सापडली, हवेचा झोत लागला आणि तिघांनी दगड उपसले. आम्ही नाही उपसले. एक तर एकच टॉर्च, वरचे दगड सैल, घरी नीट सांगून आलेलो नाही, आणि आत कार्बन डायऑक्साइड साचलेला असला तर नाकाला कळत पण नाही. दुसरं म्हणजे मला लास्को आठवली, फ्रान्समधलीच आदिमानवाच्या चित्रांची गुहा. 1940 मध्ये चार पोरांना सापडलेली, 1948 ला लोकांसाठी उघडली आणि 1963 मध्ये बंद करावी लागली, कारण हजारो वर्षं टिकलेली चित्रं बघायला येणाऱ्यांच्या नुसत्या श्वासाने खराब व्हायला लागली. आमच्या फटीमागे चित्रं असतील असं मला अजिबात वाटत नाही, वटवाघळं असतील फार तर, पण तरी. दादा मात्र अजून चिडलाय, त्याला पहार घेऊन परत जायचंय.

परतताना लक्षात आलं की मोबाइलवर लोकेशन सेव्हच नाही केलं. दादा म्हणतो वाकडं झाड डावीकडे होतं, मी म्हणते उजवीकडे. वादच चालू आहे अजून.

घरी फक्त आईला सांगितलं, तेही फट म्हणून. संध्याकाळी काका दारातूनच ओरडले, "काय गं, माणूस आत जाईल एवढी सापडली म्हणे?"