वाढीव अट

तो विधुर, पदरी 11 वर्षांची मुलगी. तिचंही हे दुसरं लग्न. वर्षभर वेगळे राहून दोघांनी पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात परस्पर संमतीनं घटस्फोटाचा अर्ज केला होता. मी तिथे विवाह समुपदेशक. पोटगी नको, दागिने परत दिलेले. सगळं ठरवूनच ते माझ्यासमोर बसले होते.

"मुलीची आई होणं हिला जमलं नाही," तो म्हणाला.

मी तिच्याकडे वळून नेहमीचं बोलू लागले, मूल जवळ यायला वेळ लागतो वगैरे. तिनं मला थांबवलं. "मॅडम, मुलगी कधीच जवळ आली. अजून रोज रात्री फोन करते. जवळ आले नाहीत ते हे."

मग ती अविधवा नवमीबद्दल बोलली. सवाष्ण गेलेल्या पहिल्या बायकोचं श्राद्ध. तीन वर्षं खीर, वडे, गवारीची भाजी, सगळा स्वयंपाक हिनं केला. पानं वाढली की बापलेक फोटोसमोर बसायचे, ही ओट्याशी उभी. "तूही बस, असं एकदाही म्हणाले नाहीत."

पहिल्या लग्नात मूल होईपर्यंत दोघांना एकमेकांची सवय व्हायला थोडा तरी अवधी मिळतो. इथे पहिल्या दिवसापासून घरात मूल असतं आणि गेलेल्या माणसाची आठवणही. नवरा-बायको व्हायचं राहूनच जातं. आणि आम्हीही विचारतो ते मुलाबद्दलच. मीही तेच केलं होतं, याचं मला फार वाईट वाटलं.

"एक अट वाढवायची आहे," ती म्हणाली. "महिन्यातून दोनदा मुलीला भेटू द्यावं."

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956 च्या कलम 6 मध्ये 'आई' या शब्दात सावत्र आई धरलेली नाही. घटस्फोटानंतर या दोघींमध्ये कायद्यानं आपसूक काहीच उरणार नव्हतं. हे समजावताना माझा आवाज कापत होता.

तो बराच वेळ खाली बघत होता. "तिच्या फोटोसमोर मला रडू येतं. ते बघून हिला लागेल, म्हणून हिला लांब ठेवलं."

"मला रडलेलं चाललं असतं," ती म्हणाली.

अर्ज काही त्यांनी मागे घेतला नाही. मी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. त्यानं ती दोनदा वाचली.

"त्याच्या आधी नवमी आहे."

"माहीत आहे," पर्सची चेन लावत ती म्हणाली. "गवार आदल्या दिवशीच आणून ठेवा. ऐनवेळी कोवळी मिळत नाही."