परतवाड्याच्या छावणीपासून पूर्णाकाठच्या वावरापर्यंत

यंदा दिवाळीनंतर चार दिवस सवड काढून मी आणि माझे थोरले चुलतभाऊ आमच्या खापरपणजोबांच्या मागावर अमरावती जिल्ह्यात फिरून आलो. त्यांच्याविषयी घरात दोनच गोष्टी सांगितल्या जात असत: तरुणपणी ते पलटणीत होते आणि 1857 च्या उठावातील काल्पीच्या लढाईत लढले, आणि परत आल्यावर त्यांनी दर्यापूर तालुक्यात पूर्णेच्या खोऱ्यात वावर घेतले. काल्पीचे नाव आले की राणी लक्ष्मीबाईंचे नाव आपोआप जोडले जाई, आणि खापरपणजोबा राणीच्या बाजूने लढले असे आम्ही लहानपणापासून धरून चाललो होतो.

पहिला दिवस आम्ही परतवाड्याला दिला. सापन आणि बिच्छन या नद्यांच्या परिसरातील अचलपूरला लागून वसलेला परतवाडा आज सागवानाच्या डेपोसाठी ओळखला जातो, परंतु मुळात ती अचलपूरची छावणी होती, आणि तेथे निजामाच्या नावाने चालणारी, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाखाली असणारी हैदराबाद कंटिंजंट ही फौज राहत असे. घरातील एका जुन्या मोडी कागदात खापरपणजोबांचा उल्लेख 'कंटिंजंटचा पेन्शनर' असा आहे. तो कागद आम्ही जाणकाराकडून निघण्यापूर्वीच वाचून घेतला होता, आणि त्या एका शब्दाने घरातली गोष्ट उलटी झाली होती. ही फौज 1858 मध्ये सर ह्यू रोजच्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने मध्य भारतात लढली. म्हणजे आमचे खापरपणजोबा काल्पीला असतीलच, तर ते राणीच्या समोर उभे होते. हे लिहिताना हात जड होतो, पण जे कागदात आहे ते पुढच्या पिढीला तसेच सांगितले पाहिजे असे मला वाटते.

याच फौजेच्या खर्चापोटी निजामाकडे साचलेल्या थकबाकीमुळे 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, आणि येथील शेतसाऱ्यातून पलटणींचा पगार निघू लागला. खापरपणजोबांचा पगार अशा रीतीने वऱ्हाडच्याच काळ्या जमिनीतून येत होता. पुढे खातेदार झाल्यावर तोच सारा भरण्याची वेळ त्यांच्यावर आली. छावणीत फिरताना माझ्या मनात दुसरा विचार नव्हता. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढून गाविलगड पाहता येतो, आणि 15 डिसेंबर 1803 रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीने घेतलेला हा किल्ला जरूर पाहावा, मात्र त्यासाठी सबंध दिवस वेगळा ठेवावा.

दुसऱ्या दिवशी एसटीने दर्यापूर गाठले आणि तेथून रिक्षाने गावात गेलो. मूर्तिजापूर ते अचलपूर ही शकुंतला रेल्वे दर्यापूरवरूनच जात असे. आता ती बंद असल्याने तिच्या भरवशावर कोणी बेत आखू नये. खापरपणजोबांच्या उमेदीच्या काळात तर तीही नव्हती, कारण ती 1913 मधील. त्यांच्या हयातीत मोठी घटना घडली ती 1867 मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली ही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात कापसाला आलेला भाव, शेतवार मोजणी होऊन तीस-तीस वर्षांसाठी ठरू लागलेला सारा, आणि मूर्तिजापूरच्या स्टेशनापर्यंत बंडीने कापूस नेण्याची सोय या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या, म्हणजे पलटणीतून निघालेल्या माणसाने घर याच पट्ट्यात का केले असावे, हे उमगते.

मात्र हा खारपाणपट्टा आहे. जमीन काळी आणि खोल, पण खालचे पाणी खारट. खापरपणजोबांनी वावरात विहीर खोदली, आणि तिला लागलेले पाणी ना पिण्याच्या कामाचे निघाले, ना पिकाच्या. गावात अजूनही तिला शिपायाची विहीर म्हणतात. ती दाखवायला आलेल्या शेजारच्या वावरातील आजोबांनी सांगितले, "बुढ्यानं विहीर खंदली, पन पानी त बुढीनंच पाजलं." खापरपणजी नदीच्या पात्रात झिरे उकरून, घागरी डोक्यावर घेऊन रोज सगळ्या घराचे पाणी भरत असत, ही आठवण त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली आणि आमच्या घरातून मात्र पुसली गेली. आम्ही धुऱ्यावर बराच वेळ बसलो होतो. भोवती पऱ्हाटी फुटलेली होती आणि बाया वेचणी करत होत्या.

तिसरा दिवस कागदांचा. जुन्या कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, 1900 साली आमच्या एकाच घरातील तीन मृत्यू नोंदलेले सापडले. दुष्काळाचे ते वर्ष, आणि कारणाच्या रकान्यात तिन्ही ठिकाणी 'पटकी', म्हणजे कॉलरा. त्यांपैकी दोन लहान मुले होती. तिसरी नोंद खापरपणजीची असावी, परंतु तेथे नवऱ्याच्या नावापुढे 'याची बायको' एवढेच लिहिले आहे. जमिनीच्या कागदांतही त्यांचे नाव कोठे नाही.

आपल्या घराण्याचा असा शोध घेऊ इच्छिणाऱ्यांनी आधी गावातील वृद्धांना भेटावे आणि कार्यालयांकडे नंतर वळावे, कारण वावराचे जुने नाव कळले की नोंद शोधणे सोपे जाते. आजच्या सातबाऱ्यावरील गट क्रमांकावरून मागे जाऊ नये. प्रथम जुना सर्व्हे नंबर मिळवावा, मग फेरफार, 1954-55 चा अधिकार अभिलेख आणि त्यामागचे मोजणीचे कागद मागावेत. कोतवाल बुके बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. अर्जात गावाचे नाव आणि वर्ष स्पष्ट लिहावे. आम्ही एका कार्यालयात वर्ष न लिहिता अर्ज दिला आणि अर्धा दिवस गमावला. पुष्कळ नोंदी मोडीत असल्यामुळे मोडी वाचणारा माणूस सोबत असावा, नाहीतर सरळ नक्कल घेऊन घरी निवांतपणे वाचून घ्यावी.

वेचणीच्या दिवसांत माणसे दिवसभर वावरात असतात, म्हणून भेटी सकाळी लवकर किंवा दिवे लागल्यावर ठेवाव्यात. पिण्याचे पाणी बरोबर न्यावे. पावसाळ्यात या काळ्या मातीच्या पांदणीत गाडीच काय, माणूसही रुततो, तेव्हा दिवाळी ते होळी हाच काळ बरा. मुक्कामासाठी दर्यापूर किंवा अमरावती गाठावी. गावात मात्र जेवायचा आग्रह मोडू नये, कारण भाकर आणि अंबाडीच्या भाजीवर बसलो असतानाच आम्हाला त्या झिऱ्यांची जागा कळली.

पेन्शनचे कागद आम्हाला तालुक्याला मिळाले नाहीत. त्यासाठी पुढच्या खेपेला नागपूरच्या विदर्भ अभिलेखागारात जायचे ठरवले आहे, आणि तेथे पलटणीच्या कागदांत वारस म्हणून तरी खापरपणजीचे नाव लिहिलेले आहे का, हे मला आधी पाहायचे आहे.