माहीमरातब

मोडी कागदांचं लिप्यंतर करणं हे माझं काम. एका घराण्यातल्या काकू दसऱ्याच्या स्वारीची जुनी यादी घेऊन आल्या. सोबत पूर्वी कुणीतरी करून दिलेली टंकलिखित प्रत होती. तिच्यात ‘माहे मरातब’ असं वाचलेलं, आणि त्यावरून घरात पक्का समज झालेला की पूर्वजांना दरबारातून दरमहा नेमणूक मिळत असे.

कागद भिंगाखाली घेतला. घडी नेमकी त्याच अक्षरावरून गेलेली, शाई उडालेली. मोडीत आधी शिरोरेषा आखतात आणि शब्द न तोडता लिहीत जातात. त्यामुळे अडलं की शेजारपाजार बघावा लागतो. ‘माहे’ असतं तर पुढे मोहरम, सफर, रजब असं महिन्याचं नाव हवं. मरातब नावाचा महिनाच नाही. शेजारी होतं काय? नालकी, चौरी, मोर्चेल, अबदागिरी, म्हणजे सगळी स्वारीतली मानचिन्हं. रुपयाचा आकडा कुठेच नाही.

“काकू, हा पगार नाही. हा माहीमरातब आहे, बादशाही मान!”

फारसीत माही म्हणजे मासा. मरातब म्हणजे दर्जे. आपण रोज ‘मानमरातब’ म्हणतो, त्यातलाच हा मरातब. उंच काठीवर सोनेरी मुलाम्याचा मासा, सोबत गोळे, आणि हे सगळं हत्तीवरून स्वारीपुढे चालायचं. मुघल दरबार हा मान मोजक्या बड्या लोकांनाच देई.

मग मी त्यांना रायगड सांगितला. १६७४च्या राज्याभिषेकाला हजर असलेल्या हेन्री ऑक्झेंडन या इंग्रज वकिलाने सिंहासनाजवळ भाल्यांच्या टोकांवर पाहिलेल्या वस्तू लिहून ठेवल्यात: मोठ्या दातांची दोन सोन्याची मत्स्यमुखं, घोड्यांच्या शेपट्या, न्यायाचा तराजू. मुघलांची राजचिन्हं महाराजांनी कुणाकडून मागून घेतली नाहीत, स्वतः उभारली. मला हे फार मोठं वाटतं. पुढे १७९२मध्ये महादजी शिंद्यांनी बादशहाकडून सवाई माधवराव पेशव्यांसाठी वकील-ई-मुतलकीची, म्हणजे बादशहाच्या सर्वाधिकारी प्रतिनिधीपदाची, वस्त्रं पुण्यात आणली, तेव्हाच्या मानचिन्हांतही मासा होता.

काकूंनी लगेच विचारलं, “मग आमच्याकडे हा कुणी दिला?”

यादीत ते नाही. असा मान मिळाला असेल तर सनदेत किंवा पत्रात उल्लेख सापडू शकतो. त्यांच्याकडे जुन्या कागदांचे आणखी दोन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, ठेवलेले आहेत. ते घेऊन या म्हटलंय.