खिद्रापूरच्या उन्हात गॅलेक्सी एस२४ आणि एस२३

सॅमसंगचा गॅलेक्सी एस२४ मी घेतला तो मुख्यतः शिलालेख, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा) आणि जुन्या देवळांची छायाचित्रे काढण्यासाठी. त्यामुळे आधीच्या एस२३ शी त्याची तुलनाही मी त्याच कामाच्या अंगाने करणार आहे. एस२३ घरातच आहे. तो आता माझ्या धाकट्या बहिणीकडे गेला असून, कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरला ती सोबत आल्यामुळे दोन्ही फोन एकाच उजेडात, एकाच दगडासमोर धरून पाहता आले. गेम खेळताना फोन कसा चालतो, हे ज्यांना जाणून घ्यायचे आहे त्यांना या लेखात फारसे काही सापडणार नाही.

हातात घेतल्यावर पहिल्यांदा जाणवतात त्या कडा. एस२३ च्या कडा गोलसर होत्या, एस२४ च्या सपाट आहेत. जाडी दोन्हींची ७.६ मिलीमीटर आहे आणि वजनात एका ग्रॅमचा फरक आहे (१६८ ग्रॅमऐवजी १६७), तरीही पकड मात्र वेगळी वाटते. कोरीव कामाचे छायाचित्र घेताना मी डाव्या हातात विजेरी धरून दगडावर तिरपा उजेड पाडतो आणि फोन एकट्या उजव्या हातात असतो. अशा वेळी सपाट कड बोटांना नीट टेकते आणि फोन हातात फिरत नाही. स्क्रीन ६.१ इंचांवरून ६.२ इंच झाली आहे, पण भोवतीची काळी पट्टी बारीक केल्यामुळे फोनचा आकार जवळजवळ पूर्वीइतकाच राहिला आहे. मोठ्या फोनांच्या या काळात एका हातात मावणारा फोन कोणी काढत असेल तर त्याचे मला मनापासून कौतुक वाटते.

आता स्क्रीनकडे येतो, कारण या फोनमधला सर्वांत मोठा बदल माझ्या मते तिथेच आहे. कागदावर पाहिले तर एस२३ ची कमाल प्रखरता १७५० निट्स (स्क्रीनचा उजेड मोजण्याचे एकक) आणि एस२४ ची २६०० निट्स, म्हणजे जवळजवळ दीडपट आहे. ही कमाल प्रखरता कायम मिळत नाही, हे आधी सांगायला हवे. स्वयंचलित प्रखरता सुरू असेल आणि फोनच्या संवेदकाला भोवती कडक ऊन जाणवले तरच ती थोडा वेळ मिळते; घरात बसून प्रखरतेची पट्टी कितीही ओढली तरी तेवढा उजेड येत नाही. शिवाय निट्स दीडपट झाले म्हणून डोळ्यांना दीडपट उजळ दिसत नाही, कारण उजेड जसजसा वाढतो तसतशी त्यातली वाढ डोळ्यांना कमी जाणवते. त्यामुळे घरी, संध्याकाळी किंवा दुकानातल्या दिव्यांखाली दोन्ही फोन शेजारी ठेवून पाहणाऱ्याला या आकड्यांत काही अर्थ नाही असे वाटेल, आणि त्या जागेपुरते ते खरेही आहे.

खिद्रापूरला मात्र चित्र वेगळे होते. कोल्हापूरहून नृसिंहवाडी, कुरुंदवाड करत कोपेश्वराच्या देवळात पोहोचेपर्यंत ऊन चांगलेच चढले होते. देवळाच्या बाहेरच्या अंगाला तळाशी हत्तींची रांग, म्हणजे गजपट्ट आहे. त्यांतल्या एका हत्तीच्या झुलीवरची बारीक नक्षी टिपून आम्ही दोघेही ती आपापल्या स्क्रीनवर मोठी करून पाहत होतो. बहीण लगेच म्हणाली, "दादा, ह्याच्यात काय दिसंना झालंय, तुझा आण इकडं." एस२३ वर हत्तीची बाह्यरेषा कळत होती, पण झुलीच्या काठावरचे मणी उन्हात हरवून जात होते, एस२४ वर ते एकेक करून वेगळे दिसले आणि चित्र किंचित हलल्याचेही तिथल्या तिथे कळले. ते छायाचित्र मी लगेच पुन्हा काढले. जो माणूस घराच्या गच्चीवर फोटो काढतो त्याला या गोष्टीचे महत्त्व वाटणार नाही, पण साठ-एक किलोमीटर जाऊन, घरी परतल्यावर संगणकावर अक्षर धूसर निघाले तर पुन्हा तेवढेच अंतर तोडावे लागते. जागेवरच खात्री करता येणे हा माझ्या कामात कॅमेऱ्याइतकाच महत्त्वाचा गुण आहे आणि तो एस२४ मध्ये खरोखर वाढला आहे.

स्क्रीनचा दुसरा बदल चटकन दिसत नाही. दोन्ही स्क्रीन सेकंदाला १२० वेळा चित्र बदलू शकतात; पण काही हालचाल नसेल तेव्हा एस२३ सेकंदाला ४८ वेळांपर्यंतच खाली येत असे, तर एस२४ थेट एका वेळेपर्यंत उतरतो. एखाद्या ताम्रपटाचे जुने प्रकाशित वाचन पीडीएफमध्ये उघडून एकाच पानावर बराच वेळ थांबणाऱ्याला याचा बॅटरीत फायदा मिळावा, अशी रचना आहे. रंगांबद्दल एक सूचना करावीशी वाटते. एस२४ आला तेव्हा त्याचे रंग आधीच्या फोनपेक्षा फिके दिसतात, अशी बरीच ओरड झाली आणि कंपनीने पुढच्या अपडेटमध्ये रंग गडद करण्याची वेगळी पट्टी दिली. मी ती पट्टी हलवलेली नाही. बेसाल्टचा काळा-करडा रंग आणि त्यावर चढलेले शेवाळ जसे आहे तसे दिसणे मला हवे आहे, आणि फिके म्हणून ज्याची तक्रार झाली तेच रंग मला अधिक खरे वाटतात.

कॅमेऱ्यांच्या बाबतीत दोन फोनांच्या माहितीपत्रकांत फरक शोधणे व्यर्थ आहे. मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा, रुंद कोनाचा १२ मेगापिक्सेलचा आणि तिपटीने जवळ आणणारा १० मेगापिक्सेलचा, हे तिन्ही आकडे दोन्हीकडे सारखेच आहेत. म्हणून जो काही फरक पडेल तो आलेल्या प्रकाशावर फोन नंतर काय प्रक्रिया करतो त्यातून पडेल, आणि ते तपासायला कोपेश्वराच्या स्वर्गमंडपासारखी जागा नाही. मंडपाच्या मध्यभागी जमिनीवर गोल रंगशिला आहे आणि तिच्या बरोबर वर छताला सुमारे तेरा फूट व्यासाचे गोल, खुले तोंड आहे. भोवती अठ्ठेचाळीस खांबांचा पसारा आहे. वर भर दुपारचे आकाश आणि बाजूला सावलीतले काळे खांब, हे दोन्ही एकाच चौकटीत धरायचे म्हणजे कोणत्याही कॅमेऱ्याची कसोटी लागते.

रंगशिलेच्या कडेला बसून, फोन जवळजवळ जमिनीला टेकवून आम्ही वरचे चित्र घेतले. एस२३ ने सावलीतले खांब एवढे उजळले की दगड राखेच्या रंगाचा दिसू लागला आणि त्यावरच्या कोरीव कामाचा उठाव कमी झाला. एस२४ ने खांबांचा काळेपणा बराचसा राखला आणि छताच्या गोल कडेवरची नक्षीही आकाशाच्या उजेडात विरघळू दिली नाही. फरक मोठा नाही. दोन्ही चित्रे शेजारी ठेवल्याशिवाय तो सांगताही आला नसता. तरी सावलीला सावली राहू देण्याची ही वृत्ती मला आवडली, कारण उठावाची शिल्पे डोळ्यांना कळतात ती सावलीमुळेच.

खांबांच्या माथ्यावरचे काम टिपण्यासाठी तिपटीचा कॅमेरा लागतो आणि इथे दोन्ही फोनांच्या वापरकर्त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. उजेड कमी असेल तर स्क्रीनवर तिपटीचा आकडा दिसत असूनही फोन पुष्कळदा तो कॅमेरा वापरत नाही, तर मुख्य कॅमेऱ्याच्या चित्राचा मधला भाग कापून मोठा करून देतो. दिवाळीतल्या घरगुती फोटोसाठी ही युक्ती चांगली आहे, पण शिल्पाच्या नोंदीसाठी नाही. मी अशा जागी सॅमसंगचेच एक्सपर्ट रॉ हे अॅप वापरतो. त्यात कोणता कॅमेरा वापरायचा ते आपण ठरवतो आणि नेहमीपेक्षा कमी प्रक्रिया झालेली मूळ (रॉ) फाइलही मिळते. हे अॅप एस२३ वरही चालते, तेव्हा केवळ त्यासाठी नवा फोन घेण्याचे कारण नाही.

मूळ फाइलचा आग्रह मी का धरतो, ते दक्षिण दरवाज्याबाहेरच्या शिलालेखावरून सांगता येईल. देवगिरीच्या यादव सिंघणाच्या काळातला, शके ११३६ चा हा लेख संस्कृत भाषेत आणि देवनागरी लिपीत आहे. दगडावर जिथे अक्षराची काना-मात्रा झिजली आहे आणि शेजारी पापुद्रा उडाल्याने एखादी चीर पडली आहे, तिथे फोनची नेहमीची प्रक्रिया कडा धारदार करण्याच्या नादात चिरेलाही अक्षराच्या रेषेइतकीच ठसठशीत करून ठेवते. दोन्ही फोन हे करतात; एस२४ वर किंचित कमी, एवढेच माझे निरीक्षण. वाचणाऱ्याने अशा चित्रावर विसंबून अनुस्वार वाचला आणि प्रत्यक्षात तिथे दगडाचा खड्डा असला तर अर्थ बदलू शकतो. म्हणून लेखाचे छायाचित्र नेहमी तिरप्या उजेडात, निदान दोन वेगवेगळ्या बाजूंनी उजेड पाडून घ्यावे आणि मूळ फाइल जपून ठेवावी. कसबा बीडच्या वीरगळांसाठीही मी हीच पद्धत ठेवणार आहे.

याच कारणाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयींकडे मी सावधपणे पाहतो. एस२४ ची सगळी जाहिरात त्यांच्यावरच उभी होती. पण मार्च २०२४ च्या अखेरीपासून त्यांतल्या बहुतेक सोयी अपडेटमधून एस२३ लाही मिळू लागल्या, हे निवड करताना ध्यानात घ्यायला हवे. स्क्रीनवरच्या वस्तूभोवती बोटाने गोल काढून तिचा शोध घेण्याची सोय दोन्हीकडे उत्तम चालते. चित्रातला नको तो भाग काढून तिथे नवा भाग रचून देणारी सोय मात्र नोंदीच्या छायाचित्रांना लावूच नये. असे बदललेले चित्र जपून ठेवताना फोन त्याच्या कोपऱ्यात खूण उमटवतो, ही गोष्ट मला योग्य वाटते. फोनवरचे संभाषण तिथल्या तिथे भाषांतरित करून देण्याची सोय सुरुवातीला तेरा भाषांत आली. त्यांत हिंदी होती आणि मराठी नव्हती. इतक्या कोटी लोकांच्या भाषेला पहिल्या यादीत जागा मिळू नये याचे मला वाईट वाटते, आणि मराठी वापरकर्त्यांनी कंपनीच्या अॅपमधून ही मागणी नोंदवत राहावे असे मी आग्रहाने सुचवतो.

प्रोसेसरबद्दल आपल्याकडे बरीच चर्चा झाली, कारण एस२३ जगभर क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन ८ जेन २ वर आला होता, तर भारतात सुरुवातीला आलेल्या एस२४ मध्ये सॅमसंगचा स्वतःचा एक्सिनोस २४०० आहे. माझ्या कामात दोन्ही सारखेच चपळ आहेत. एक्सपर्ट रॉमध्ये एकामागून एक चित्रे काढताना साठवायला लागणारा वेळ मला वेगळा जाणवला नाही. रॅमही दोन्हींत ८ जीबीच आहे.

बॅटरी ३९०० वरून ४००० एमएएच झाली आहे. वाढ मामुली आहे, आणि पहिल्या काही दिवसांच्या वापरावरून तिच्याबद्दल ठाम बोलणे घाईचे ठरेल. नवा फोन सगळी माहिती आत घेत असताना बॅटरी नेहमीपेक्षा जास्त जाते. चार्जिंगचा वेग २५ वॉटवरच थांबला आहे. या किमतीच्या फोनकडून, आणि तेही निम्म्या किमतीचे फोन याहून वेगाने चार्ज होत असताना, अधिक अपेक्षा ठेवणे गैर नाही. दिवसभर रानात-देवळात फिरणाऱ्याने पॉवर बँक सोबत ठेवावीच.

राहता राहिली ती गोष्ट, जिच्यामुळे मी अखेरीस एस२४ निवडला. एस२३ ला चार वेळा अँड्रॉइडची नवी आवृत्ती आणि पाच वर्षे सुरक्षा अपडेट देण्याचे आश्वासन होते. एस२४ ला दोन्ही सात वर्षे मिळणार आहेत. म्हणजे एक फोन २०२८ पर्यंत आणि दुसरा २०३१ पर्यंत सांभाळला जाईल. आठ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवणीच्या एस२४ ची भारतातली सुरुवातीची किंमत ७९,९९९ रुपये होती आणि एस२३ च्या तशाच आवृत्तीचीही तेवढीच होती. तेव्हा त्याच पैशांत वर्षांचा हिशेब बराच बदलतो. अर्थात सात वर्षे एकच बॅटरी टिकणार नाही. मध्ये एकदा ती बदलून घ्यावी लागेल आणि त्याचा खर्च आजच मनात धरलेला बरा.

ज्यांच्याकडे एस२३ आहे आणि ज्यांचा दिवस छताखाली जातो, त्यांनी तो बदलू नये असेच मी सांगेन. बहिणीलाही तेच सांगितले. ज्यांच्याकडे चार-पाच वर्षांपूर्वीचा फोन आहे आणि ज्यांना उन्हात उभे राहून काम करायचे असते, त्यांनी दुकानदाराला विनंती करून एस२४ दुकानाबाहेर उन्हात आणून पाहावा. घेणार असाल तर २५६ जीबीचाच घ्या, कारण मूळ फाइली पुष्कळ जागा खातात आणि या दोन्ही फोनांत मेमरी कार्ड घालण्याची सोय नाही.